साडूच्या नावाचे छप्पन्न ठोके

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रागावणार नाही. ही नवी रोजनिशी त्यासाठीच घेतली. जुनी खिडकीतून खाली गेली. फेकली नव्हती, जोरात मिटताना हातातून सुटली. खाली घरमालकीण धोंडुबाई सांडगे घालत बसल्या होत्या. म्हणाल्या, "चौगुले सर, आज वही आली, उद्या मिक्सर यील. मी आता डोस्क्यावर पाटी घिऊनच बसते." बाई उगाच वाढवून बोलतात. मिक्सर गेल्या वर्षीच गेला.

मूळ प्रकरण नीट लिहून ठेवतो, कारण नातेवाइकांत ते चुकीचं फिरतंय. हंबीरराव माझा साडू. माझ्या बायकोच्या, संयोगिताच्या, थोरल्या बहिणीचा, अक्काताईचा नवरा. मुरगूडला असतो, रस्त्यांची कंत्राटं घेतो. गेल्या महिन्यात त्याच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. जो येईल त्याला सांगत होता, ह्या स्वयंपाकाच्या ओट्यावर हत्ती उभा राहील. मी मटेरियल टेस्टिंग लॅबचा इन-चार्ज. दावा ऐकला की तपासायचा, हा माझा धंदा. गाडीच्या डिकीतून हातोडी आणली आणि ओट्यावर एकदा, शास्त्रोक्त, टक् केलं. ओटा मधोमध खाली आला. वर खिरीचं पातेलं होतं. ह्यात माझा दोष शून्य.

हंबीररावानं माझी कॉलर धरली. मीही त्याची कॉलरच धरणार होतो, पण तो पूजेला बसलेला, अंगावर नुसतं उपरणं. कॉलर नाही म्हणून नरडं धरलं. चार माणसांनी सोडवलं. त्यातल्या दोघांना थोडं लागलं.

संयोगितानं तिथंच, खिरीत उभं राहून, सगळ्यांसमोर सांगितलं, "घरातली एकबी वस्तू न फोडता ऱ्हाऊन दाखवा, मग मी येते. तवर हुपरीलाच." हुपरी तिचं माहेर. तिचं म्हणणं, आमच्या घरात धड भांडं उरलेलं नाही. साफ खोटं. सासऱ्यांनी लग्नात दिलेला चांदीचा तांब्या आजही जसाच्या तसा आहे. त्यांचा धंदा पैंजणांचा, पण हा तांब्या त्यांनी जावयासाठी स्वतः घडवला. कुठं पोचा नाही, ओरखडा नाही. असा तांब्या ज्याच्या घरात आहे, तो माणूस तापट कसा?

ती नाही तर घरात करमत नाही. हे इथं लिहितो, बाहेर बोलणार नाही.

५ फेब्रुवारी

दिवस शांततेत. पंचगंगेच्या पुलावर एका टेम्पोवाल्यानं कट मारला. त्याला फक्त थांबवलं आणि किल्ली काढून घेतली. किल्ली पुलावरून खाली गेली. तो म्हणाला, "ओ पावणं, आता टेम्पो काय खांद्यावर घिऊन जाऊ?" मी म्हणालो, जा. मग त्यानं माझं हेल्मेट फोडलं. मी त्याचा आरसा.

हेल्मेट घराबाहेर फुटलं. संयोगिताच्या अटीत बसत नाही.

७ फेब्रुवारी

मोबाईलवर रागावरचा व्हिडिओ पाहिला. राग दाबू नका, ज्याचा राग येतो त्याचं नाव घेऊन उशीवर बुक्के मारा. करून पाहिलं. उशी फाटली, कापूस देव्हाऱ्यापर्यंत गेला. उशी फाटते, फुटत नाही. अट शाबूत. पण घरात दुसरी उशी नाही.

लॅबला आलो तर दारात मुरमाच्या गोण्या. वर चिठ्ठी: हंबीरराव, मुरगूडकडचा रस्ता. जिल्ह्यात दुसऱ्या लॅबा नाहीत काय? अमरेश म्हणाला, दुसरीकडं रांग आहे. अमरेश माझा टेक्निशियन. माझ्याच वयाचा, निपाणीकडचा, मिशा भरघोस, कामाचा आळस त्याहून भरघोस.

मी ठरवलं आहे. साडूचा मुरूम आहे म्हणून मी काहीही वेगळं करणार नाही. शास्त्र म्हणजे शास्त्र. फक्त त्या मुरमाचा ठोकळा तपासणीत नापास होणार, हे मला आतून माहीत आहे. आणि तो मी स्वतःच्या हातानं करणार.

८ फेब्रुवारी, शनिवार

शोध लागला! उशी कशाला, रॅमर आहे की!

मुरमात सिमेंट आणि पाणी मिसळायचं. लोखंडी साच्यात तीन थरांत भरायचं. एकेका थरावर रॅमर, म्हणजे नळीतला लोखंडी ठोकणा, उचलून सोडायचा, छप्पन्न वेळा. मग ठोकळा ओल्या गोणपाटात आठवडाभर ठेवायचा आणि मशीनमध्ये चिरडायचा. किती दाबाला फुटला, ती त्याची ताकद. तीनच्या वर गेला तर तेवढ्या सिमेंटवर रस्ता करायला परवानगी. खाली गेला तर सिमेंट वाढवा. हंबीररावानं अगदी कंजूष प्रमाण सांगितलं आहे. मेला म्हणायचा.

रॅमर आपल्या वजनानं पडू द्यावा, हातानं जोर लावू नये, असं कोडबुक म्हणतं. कोडबुकाला साडू नसतो.

पहिला ठोका: हंबीरराव. दुसरा: हंबीरराव. तिसरा त्या टेम्पोवाल्याला. मग पुन्हा हंबीरराव. घाम फुटला, छातीतलं ओझं उतरत गेलं. मध्येच अमरेश म्हणाला, "साहेब, शंभर झालं की. छप्पन्नच हाईत न्हवं?" मी म्हणालो, मोजणं माझं काम आहे, तू मुरूम भर. (सतराच्या पुढं आकडे नव्हते. नुसता ओटा दिसत होता.)

घरी येऊन शांत झोपलो. रागाचा बंदोबस्त झाला.

१५ फेब्रुवारी

आज हंबीररावाचा ठोकळा चिरडायचा दिवस. सकाळी आंघोळ करून, गंध लावून गेलो. मशीन चालू केलं. काटा चढू लागला. एक. दोन. मी म्हणालो, फूट. अडीच. फूट लेका. तीन गेलं. साडेतीन गेलं. फट् असा आवाज होऊन कडेला तडा गेला तेव्हा काटा तीन पूर्णांक नऊवर.

पास!

बादलीला लाथ मारली. बादली लोखंडी होती. बुटात अंगठा सुजला आहे. रिपोर्टवर सही केली, कागद पेनानं फाटला, दुसरा छापला. अमरेश खूश. नापास झालं असतं तर गोण्या पुन्हा त्यालाच उचलाव्या लागल्या असत्या.

मुरूमही मालकासारखाच कोडगा आहे.

१७ फेब्रुवारी

त्याच रस्त्याच्या पुढच्या टप्प्याचा मुरूम आला. दुसऱ्या खाणीचा. उत्तम. ही खाण ठिसूळ दिसते. हातात धरला की भुगा होतो. ह्या वेळी सुटका नाही.

कामाला लागणार तेवढ्यात अमरेश चहा ढवळत म्हणाला, "साहेब, सांगू का नको असं झालंया. हंबीरराव मालक काल चहाच्या गाड्यावर म्हणत हुतं, चौगुल्याला लॅबमंदी ठेवल्यापरास रोड रोलर ठेवला तर बरा. डिझेल संपलं की थांबतोय तरी."

लहान रॅमरनं समाधान होईना. मोठा घेतला. दुप्पट वजनाचा. तो ह्या टेस्टला चालत नाही, पण सगळं कोडबुकात लिहिलेलं नसतं. तिसऱ्या थराला साच्याची कड वाकली. हाताला फोड आले. अमरेश दारात उभा राहून ओरडत होता, "साहेब, साचा हाय त्यो, साडू न्हाय!" मला फार छान वाटलं.

२४ फेब्रुवारी

चार पूर्णांक सात.

माझा विश्वास बसला नाही. मशीनवर एक बुक्की मारली. दवाखान्यात बोटांवर टाके घातले. डॉक्टर म्हणाले, पडलात का? म्हणालो, हो, मशीनवर.

एकच शक्यता. हंबीरराव मुरमात आधीच चोरून सिमेंट मिसळून पाठवतो आहे.

२५ फेब्रुवारी

डंपरवाल्याशी चर्चा केली. विचारलं, मालक मुरमात काय मिसळतो? तो म्हणाला, "माती." पुन्हा विचारलं, खांद्याला धरून. म्हणाला, "हात काडा पावणं, न्हायतर मी बी मिसळतो तुमास्नी." चर्चा रस्त्यावर लोळूनच झाली. माझा ओठ, त्याची भुवई. शेजारच्या फौंड्रीतली माणसं जेवणाच्या सुट्टीत डबे घेऊन बघायला आली. दोघांनी त्याची बाजू घेतली. माझी एकानंही नाही.

तरी समाधान आहे. आज मनात काही ठेवलं नाही.

१ मार्च

तिसऱ्या टप्प्याचा मुरूम. आज निर्णायक.

सकाळी अमरेशनं हळूच मोबाईल पुढं केला. हंबीररावानं स्टेटसला फोटो ठेवला होता: नवा ओटा, काळा ग्रॅनाईट, त्यावर तो स्वतः मांडी घालून बसलेला. खाली लिहिलेलं, "या पावणं, हातोडी घिऊन या."

पुढचं मला नीट आठवत नाही. अमरेश सांगतो की मी शर्ट काढला. मोठा रॅमर दोन्ही हातांनी धरला. थराला दीडशेच्या पुढं गेलो. शेजारच्या युनिटचा वॉचमन विचारायला आला, आत कुणाला मारायलाय काय? रॅमरची मूठ तुटून उडाली आणि ट्यूबलाईटमध्ये गेली. मी उरलेली दांडी धरून ठोकत राहिलो. रडत होतो, असंही अमरेश म्हणतो. घाम असेल.

ट्यूब लॅबची. घराची नाही.

८ मार्च

पाच पूर्णांक तीन. लॅब सुरू झाल्यापासून असा आकडा कुणी पाहिला नसेल.

हा ठोकळा फुटलाही नाही, उडाला. तुकडे बंदुकीसारखे सुटले. एक काट्याच्या काचेवर, एक माझ्या मांडीवर, एक अमरेशच्या कपाळावर. "अय्यो अव्वा!" म्हणून तो खाली बसला. मिशीतून रक्त. त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाले, पुन्हा पडलात का?

हंबीरराव तीनदा पास. सिमेंट वाचवतो, आणि माझ्या सहीवर. मी त्याचं काहीही वाकडं करू शकलो नाही. ज्या दिवशी माझ्या हातात कायद्यानं हातोडा आला, त्याच दिवसापासून हा माणूस मजबूत होत चालला आहे. जेवलो नाही. ताट भिरकावलं नाही, फक्त सरकवलं. ते बेसिनपर्यंत गेलं. स्टीलचं आहे, फुटलं नाही.

१० मार्च

दुपारी हंबीरराव लॅबमध्ये आला. मी रॅमर उचलला. तो हात पसरून चालत आला, मला वाटलं नरडं धरायला, म्हणून डोळे मिटून तयार झालो. त्यानं मिठी मारली! बरगड्या कडकडल्या.

म्हणाला, "पावणं, मानलं तुमास्नी. दुसरी लॅब म्हणायली ह्या मुरमाला सिमेंट वाढवायलाच लागतंय. आन तुमी? ओट्यावरनं येवढी मारामारी झाली तरीबी साडूला सांभाळून घितलंसा. वर बोललाबी न्हाईसा. मोट्या मनाचा माणूस."

मी म्हणणार होतो की मी कुणालाही सांभाळलं नाही. पण तो रडू लागला. आडदांड माणूस रडायला लागला की काय करायचं ते कळत नाही. मीही म्हणालो, घरचंच आहे.

रात्री विचार केला. खरंच असेल. वरून मी ठोकत होतो, आतून मी त्याला माफ केलेलं असणार. माझं मन माझ्याही आधी मोठं झालं, आणि मला पत्ता नाही.

१२ मार्च

संयोगिताचा फोन!

म्हणाली, "दाजी सांगत हुतं. अक्काताई तर तुमचं नाव घिऊन रडली. मला वाटलं न्हवतं तुमी असं कायतरी कराल." मी म्हणालो, आपण कर्तव्य केलं. ती म्हणाली, "पाडव्याला येते. घरात काय फुटलं न्हाय न्हवं?" मी म्हणालो, तांब्याची शपथ.

फोन ठेवला आणि महाद्वार रोडला धावलो. कपबश्या, आरसा, उशी, सगळं होतं तसंच घेऊन आलो. आधीच्या एका कपाचा कान मी मागं कधीतरी उडवलेला होता. नव्या कपाचा कान उडवावा की नाही, ह्यावर बराच वेळ विचार केला. राहू दिला.

१७ मार्च

रस्ते खात्याच्या श्रुती मॅडम आल्या. किडकिडीत, हळू बोलणाऱ्या. हंबीररावाच्या रस्त्याचा पहिला टप्पा होऊन गेला आहे, त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जायला लागल्या, आणि रस्त्यानं तोंड वासलं. परवा एक ट्रॉली त्यात आडवी झाली. ऊस रस्त्यावर, ट्रॅक्टरवाला शेतात. मॅडमनी रस्त्यातून कापून काढलेले तुकडे टेबलावर ठेवले. बोटानं दाबलं तर कड पडत होती.

विचारलं, "तुमच्या लॅबमध्ये चार-पाच येतं आणि रस्त्यात दोनही येत नाही. असं का, सर?"

मी म्हणालो, मॅडम, माझ्या लॅबची ताकद खरी आहे. रस्ता खोटा आहे.

त्या माझ्या बोटांवरच्या टाक्यांच्या खुणांकडं, अमरेशच्या कपाळाकडं, वाकलेल्या साच्याकडं बघत होत्या. शेवटी म्हणाल्या की नवा साचा आणा, नवा रॅमर आणा, आणि शुक्रवारी त्याच मुरमाचे ठोकळे माझ्यासमोर करा. त्यांना तयार ठोकळे बघायचे नाहीत, ठोकताना बघायचं आहे. आकडा आला तर चूक रस्त्याच्या कामाची, ते फक्त नीट करून घ्यायचं. नाही आला तर सिमेंटचं प्रमाणच खोटं. मग झालेला सगळा टप्पा उकरायचा, तोही हंबीररावाच्या खर्चानं.

फोनवर हंबीररावाला सांगितलं, निवांत राहा. पाच येतात माझ्या हातून, पाच.

१९ मार्च, रंगपंचमी

लॅबला जाताना कुणीतरी गच्चीतून रंगाची पिशवी मारली. नेमकी तोंडावर. पूर्वीचा मी जिना चढून गेलो असतो. आज वर बघून हसलो. त्यांनी घाबरून दार लावून घेतलं.

अमरेश दिवसभर माझ्याकडं काळजीनं बघतो आहे. म्हणाला, "साहेब, तब्बेत बरी हाय न्हवं? दोन दिस कुणाला शिवी न्हाय दिली." मी म्हणालो, आता गरज उरली नाही. तो आणखी घाबरला.

२१ मार्च, शुक्रवार

मॅडम वेळेवर. खुर्ची घेऊन साच्याजवळ बसल्या.

त्याआधी अमरेशनं मला कोपऱ्यात नेलं आणि एकामागोमाग सुरू केलं. हंबीररावानं तुम्हाला बुळ्या म्हटलं. सासऱ्यांनी म्हटलं, जावई नव्हे, ब्रेकर मशीन. टेम्पोवाला शेजारच्या गल्लीतच राहतो, पत्ता देऊ? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, अमरेश, सगळी आपलीच माणसं. त्यानं कपाळावर हात मारला, जखमेवरच लागला, ओरडला.

रॅमर उचलला. सवयीनं नाव शोधलं. हंबीरराव म्हणून पाहिलं, तो रडतानाच दिसला. टेम्पोवाल्याचा चेहरा आठवेना. मग म्हटलं, संयोगिता. रॅमर सोडला. नळीतून अलगद खाली आला आणि टप् असा आवाज झाला. पुन्हा संयोगिता. टप्. पाडव्याला ती दारात उभी राहील, पिशवी माझ्या हातात देईल. टप्. मॅडम मनात मोजत होत्या. छप्पन्नला हात वर केला. मी थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा सांगितल्यावर थांबलो. तिन्ही थरांना थांबलो.

मॅडम म्हणाल्या, छान केलंत. अगदी नियमाप्रमाणे.

इतक्या प्रेमानं केलेले ठोकळे सहाच्या खाली जायचे नाहीत. हंबीररावाला फोन करून सांगितलं, पेढे घेऊन ये. तो म्हणाला, संयोगितालाही गाडीतून घेऊनच येतो, ठोकळे फुटलेले बघू आणि तुम्हा दोघांना घरी सोडू. पाडव्याच्या आधीच!

२८ मार्च, शुक्रवार. संध्याकाळ

दात हलतो आहे, म्हणून नीट लिहिता येत नाही. दाताचा आणि लिहिण्याचा संबंध नाही, पण लिहिता येत नाही.

हंबीरराव पांढरी गाडी घेऊन आला. मागून संयोगिता उतरली. हातात मोठी बॅग. हिरवी साडी. माझ्याकडं बघून थोडं हसली. दोन महिन्यांत इतकं बरं काही पाहिलं नव्हतं.

मॅडम मशीनजवळ. मी पहिला ठोकळा आत ठेवला. काटा चढू लागला. एकपर्यंत हंबीरराव पेढ्यांचा बॉक्स सोडत होता. दोनच्या अलीकडं ठोकळा बारीक कुरकुरला आणि बसला. नीट आवाजसुद्धा केला नाही. दुसरा एक पूर्णांक आठ. तिसरा जेमतेम दोन.

मॅडमनी लिहून घेतलं. म्हणाल्या, प्रमाण चुकीचं आहे, झालेला रस्ता उकरावा लागेल. आणि गेल्या तीन रिपोर्टांची चौकशी होईल. नमस्कार करून गेल्या.

हंबीररावानं पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "पाच-पाच यायलतं. आज मी समोर हुबा आन दोन? बायको परत मिळंपातूर साडू ग्वाड लागला व्हय रं? आता मिळाली तर साडूला गाडला?"

नवा रॅमर त्याच्या हाताला लागला. पहिला घाव साच्यावर. दुसरा मशीनच्या काट्यावर, काच परवाच बसवलेली. तिसरा टेबलावर, पेढे भिंतीला चिकटले. अमरेश आडवा गेला, तो कोपऱ्यात जाऊन पडला. मग रॅमर टाकून हंबीररावानं माझ्या तोंडात दिली. डाव्या हाताची, मग उजव्या हाताची. मी मुरमाच्या ढिगावर पडलो, त्यानं उठवून पुन्हा दिली. मी हात उचलला नाही. संयोगिता बघते आहे, एवढंच डोक्यात होतं. मार खाणारा माणूस किती शांत दिसतो, हे तिला दिसावं.

शेवटी तीच मध्ये पडली. तो गाडीत जाऊन बसला. ती माझ्याजवळ आली आणि पदरानं ओठ पुसला. म्हणाली, "इतकं दिस पास हुईत हुतं, आन मी यायच्या दिवशीच कसं फुटलं? खरं सांगा."

खरं सांगितलं. म्हणालो, आधीचे तिन्ही दाजींच्या रागानं ठोकले. मोजलं नाही, वाटेल तेवढं ठोकलं, मोठा रॅमर घेतला, म्हणून पास झाले. ह्या वेळी राग नव्हता. प्रत्येक ठोका तुझं नाव घेऊन, अगदी हळू मारला. मला वाटलं, हे ऐकून तिला बरं वाटेल.

ती भुग्याकडं बघत राहिली. म्हणाली, "दाजींच्या नावानं ठोकलेलं टिकलं. माझ्या नावानं ठोकलेलं फुटलं. मग मी कुणाच्या जिवावर येऊ?"

बॅग उचलली आणि गाडीत बसली. गाडी हुपरीकडं गेली. फार वाईट वाटलं. इतकं, की राग आलाच नाही. आला असता तर बरं झालं असतं.

२९ मार्च

लॅबचे मालक पुण्याहून फोनवर. चौकशी संपेपर्यंत येऊ नका म्हणाले. फोन मी शांतपणे खाली ठेवला. खाली म्हणजे खाली, जिन्यात सापडला. चालू आहे.

अमरेश पेरू घेऊन भेटायला आला. म्हणाला, "साहेब, चूक माझीबी हाय. मीच चिडवत हुतो, पास व्हावं म्हणून." त्याला पेरू फेकून मारणार होतो. एक हातात घेतला, वजन पाहिलं, खाऊन टाकला. हलत्या दाताला लागला.

नवा निश्चय. रागावणार नाही. रागावलो तरी मोजणार.

३० मार्च, गुढीपाडवा

ती पाडव्याला येते म्हणाली होती. गाडीत बसताना 'नाही' असं काही म्हणाली नाही. म्हणून घर झाडलं, कपबश्या मांडल्या, गुढीची तयारी केली. धोंडुबाईंनी खालून लिंबाचा डहाळा आणि साखरेची माळ दिली. म्हणाल्या, "सणाचं तरी सावकाश."

काठीला साडी बांधली. वर सासऱ्यांचा चांदीचा तांब्या उपडा घातला. बसेना. काठी जाड पडत होती. तासायला पाहिजे होती, पण मुहूर्त टळत होता. बत्ता घेतला. एकच ठोका मारला. मोजून एकच. रागानं नाही, देवाशपथ, अगदी प्रेमानं.

पोचा पडला. अंगठ्याएवढा.

तांब्या फिरवून पोचा भिंतीकडं केला. डहाळा त्या बाजूला ओढला, माळ वरून घेतली. लांबून काही दिसत नाही. फोटो काढून संयोगिताला पाठवला. खाली लिहिलं: घरात काहीही फुटलेलं नाही. वाट बघतो.

लगेच निळ्या खुणा आल्या. ती काहीतरी टाईप करत होती. थांबली. पुन्हा टाईप करू लागली. मी खिडकीतून रस्त्याकडं बघून आलो, हुपरीची गाडी दिसते का म्हणून.

मेसेज आला.

"तांब्या फिरवून दाखवा."